धावणाऱ्या पायांतील प्रतिक्षेप

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड हे तालुक्याचे गाव सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या माथ्यावरील पठारावर वसलेले आहे. येथून उत्तरेस चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट प्रवाशांच्या चांगला परिचयाचा आहे. पोलीस अथवा सैन्यभरतीची जाहिरात निघाली, की मराठवाड्यातील इतर तालुक्यांप्रमाणे या परिसरातही दिवस उजाडण्यापूर्वी तरुण-तरुणी धावण्याच्या सरावास लागतात. राज्य पोलीस शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांस १६०० मीटर व १०० मीटर, तर महिला उमेदवारांस ८०० मीटर व १०० मीटर अंतर धावावे लागते. राज्य राखीव पोलीस दलासाठी हेच अंतर ५ किलोमीटरपर्यंत वाढते. या चाचणीत काही सेकंदांच्या फरकाने गुण जातात, आणि गुणांबरोबर शेतकरी कुटुंबातील एखाद्या मुलाची वर्षभराची मेहनतही जाते. यास्तव धावताना पायांत नेमके काय घडते, हा प्रश्न केवळ शरीरशास्त्राच्या अभ्यासकांपुरता राहत नाही. गावोगावी अशा मुलांना सराव देणारे शिक्षक आणि त्यांच्यासाठी मैदानाची सोय करणारे पंचायतीचे सदस्य यांनीही तो समजून घेणे अगत्याचे आहे.

थोडा हिशोब मांडून पाहू. १६०० मीटर अंतर साडेपाच मिनिटांत पार करणाऱ्या तरुणाचा वेग सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर इतका पडतो. मिनिटास १८० पावले धरली, तर संपूर्ण अंतरात ९९० पावले पडतात. म्हणजे प्रत्येक पाय जमिनीवर पाचशेच्या आसपास वेळा आदळतो. प्रत्येक वेळी पाय जमिनीस टेकलेला असतो तो सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग, आणि तेवढ्या अवधीत त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. साठ किलो वजनाच्या मुलाच्या बाबतीत हा भार दीडशे किलोच्या घरात जातो. एवढा भार एका पायावर झेलून, गुडघा न वाकू देता, घोटा न मुरगळू देता, पुन्हा शरीर पुढे फेकण्याचे काम पाचशे वेळा बिनचूक पार पडते. त्यातील फार मोठा भाग धावणाऱ्याच्या जाणिवेबाहेरच उरकला जातो.

पाठ्यपुस्तकातील गुडघा

शालेय विज्ञानात प्रतिक्षिप्त क्रियेची दोन उदाहरणे हमखास दिली जातात. तापलेल्या भांड्यास हात लागताच तो मागे घेतला जातो, हे एक. आणि गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच ठोकले असता पाय पुढे उडतो, हे दुसरे. यांपैकी दुसऱ्याचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. जर्मन वैद्य एर्ब आणि वेस्टफाल यांनी १८७५ साली गुडघ्याच्या या उसळीचे वर्णन स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून डॉक्टरांच्या हातातील लहानसा रबरी हातोडा हे तपासणीचे नित्याचे साधन बनले.

ही क्रिया घडते ती अशी. प्रत्येक स्नायूत चातीच्या आकाराच्या अतिसूक्ष्म संवेदी रचना विखुरलेल्या असतात. सूत कातण्याच्या चातीसारख्या मध्ये फुगीर व दोन्ही टोकांस निमुळत्या असल्याने त्यांस स्नायुचाती म्हणता येईल. स्नायू ताणला जाताच या चातींभोवती गुंडाळलेले मज्जातंतू उत्तेजित होतात आणि तो संदेश मज्जारज्जूकडे, म्हणजे शालेय पुस्तकात ज्यास मेरुरज्जू म्हटले जाते त्याकडे, धाव घेतो. तेथे तो मेंदूकडे वर जाण्याची वाट न पाहता त्याच स्नायूच्या प्रेरक चेतापेशीस थेट भिडतो. मध्ये एकच सांधा असतो. प्रेरक चेतापेशी तत्काळ उलट संदेश पाठविते आणि ताणला गेलेला स्नायू आकुंचन पावतो. गुडघ्याखालील कंडरेवर ठोकल्याने मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर ताणला जातो, म्हणून पाय उडतो. लिडेल व शेरिंग्टन या इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी १९२४ साली ताणास स्नायूने दिलेल्या या उत्तराचा पद्धतशीर अभ्यास मांडला. शेरिंग्टन यांस पुढे १९३२ साली एड्रियन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र पाठ्यपुस्तकातील चित्र पाहून विद्यार्थ्याचा एक समज सहजच होतो, तो असा की, प्रतिक्षेप म्हणजे विजेच्या बटनासारखी ठराविक यंत्रणा होय. बटन दाबले की दिवा लागणारच. हा समज अपुरा आहे, हे शिक्षकास वर्गातच दाखवून देता येते. एका विद्यार्थ्यास टेबलावर पाय लोंबते सोडून बसवावे आणि गुडघ्याच्या वाटीखाली तळहाताच्या कडेने हलकेच ठोकावे. पाय किंचित उडेल. नंतर त्यास दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून ती विरुद्ध दिशांना जोराने ओढावयास सांगावे व त्याच क्षणी तेवढ्याच जोराने पुन्हा ठोकावे. बहुतेक विद्यार्थ्यांत पाय या वेळी स्पष्टपणे अधिक उडतो. हंगेरीतील वैद्य येंड्रासिक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिलेली ही युक्ती डॉक्टर आजही वापरतात. ओढले हात, आणि वाढला तो गुडघ्याचा प्रतिक्षेप! याचा अर्थ ठोका तोच असला, तरी त्याचे उत्तर किती मोठे द्यावयाचे हे मज्जारज्जू त्या वेळच्या परिस्थितीनुसार ठरवितो. धावण्याच्या क्रियेत हेच तत्त्व विलक्षण स्वरूपात आढळून येते.

मेंदूस सवड नसते

धावताना प्रतिक्षेपांचे महत्त्व का, हे समजण्यासाठी काळाची मोजमापे लक्षात घ्यावी लागतात. बंदुकीचा आवाज ऐकून जाणीवपूर्वक हालचाल सुरू करण्यास माणसास साधारणतः सेकंदाचा सातवा भाग अथवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय शर्यतींत आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत जो धावपटू सुरुवात करतो, त्याने आवाजाची वाट पाहिली नाही असे मानून त्याची सुरुवात चुकीची ठरविली जाते. आता याच ०.१ सेकंदाची तुलना पायाशी करावी. १०० मीटरच्या भरधाव शर्यतीत धावपटूचा पाय जमिनीवर टेकलेला असतो तो अवधीही सुमारे ०.१ सेकंदच असतो. पाऊल खड्ड्यात पडले की दगडावर, याची जाणीव होऊन मेंदूने हुकूम सोडावयाचा, तोवर ते पाऊल उचलले गेलेले असते.

पोटरीतील प्रतिक्षेप यापेक्षा बराच जलद असतो. पोटरीपासून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंतचे अंतर प्रौढ माणसात हातभरापेक्षा पुष्कळ अधिक असते. तरी तेथवर जाऊन परत येण्यास संदेशास सुमारे ४० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग, एवढेच लागतात. पण येथेही एक अडचण आहे. संदेश स्नायूत पोहोचला म्हणजे लगेच बळ निर्माण झाले असे होत नाही. स्नायू आवळून कंडरा ताणली जाण्यास आणखी काही दशक मिलिसेकंद जातात. परिणामी १६०० मीटरच्या धावेत, जेथे पाऊल २०० मिलिसेकंदांच्या आसपास जमिनीवर असते, तेथे प्रतिक्षेपाचे बळ पाऊल अर्धे टेकून झाल्यावर आणि पुढे रेटा देताना उपयोगी पडते. १०० मीटरच्या धावेत मात्र ते हाती येईपर्यंत पाऊल उठण्याची वेळ होते. दोन्ही शर्यती धावण्याच्याच, तरी पायातील कारभार दोहोंत एकसारखा नसतो.

मग जमिनीवर आदळण्याच्या पहिल्या क्षणी पायास कोण सावरते? याचे उत्तर असे की, त्या क्षणाची तयारी आधीच झालेली असते. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि ती नसावी, तेव्हा सर्वांगास जो हिसका बसतो तो सर्वांच्या अनुभवाचा आहे. पायाने जमीन कोठे लागेल याचा अंदाज बांधून स्नायू अगोदरच आवळून ठेवलेले असतात. अंदाज चुकला की ती तयारी वाया जाते. कॅनडातील मेलव्हिल जोन्स व वॉट यांनी १९७१ साली पायरी उतरणे व एका जागी उड्या मारणे या क्रियांचा अभ्यास करून दाखविले की, जमिनीवर उतरताना पोटरीचा स्नायू पाय टेकण्यापूर्वीच कामास लागलेला असतो. धावतानाही तसेच घडते. पाय अजून हवेत असतानाच पोटरी व मांडीचे स्नायू आवळू लागतात आणि घोटा व गुडघा भार घेण्यास कडक होतात.

ही पूर्वतयारी आणि नंतर येणारा प्रतिक्षेप यांची वाटणी कशी असते, हे जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे डीट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली तपासले. मांडीवर पट्टा आवळून त्यांनी काही काळ रक्तप्रवाह रोखला. अशा स्थितीत स्नायुचातींकडून येणारे जाड व जलद तंतू सर्वांआधी निकामी होतात, तर मेंदू व मज्जारज्जूकडून स्नायूस हुकूम देणारे तंतू काही वेळ शाबूत राहतात. असे केल्यावर धावतानाची पूर्वतयारी तशीच राहिली. परंतु पाय जमिनीस टेकल्यानंतर पोटरीच्या स्नायूत विद्युत हालचालीची जी मोठी लाट येते ती घटली. टेकल्यानंतरच्या बळात प्रतिक्षेपाचा वाटा आहे, याचा हा बराच भक्कम पुरावा मानला जातो.

दारे धरणारा मज्जारज्जू

येथवर प्रतिक्षेप उपकारक असल्याचे दिसले. परंतु धावण्याच्या संपूर्ण फेऱ्याचा विचार केला, तर तो सदैव उपकारक नसतो. पाय मागून पुढे येत असताना चवडा वर ओढला जातो, म्हणजे पोटरीचा स्नायू ताणला जातो. या क्षणी पोटरीने पाठ्यपुस्तकातील नियमाप्रमाणे आकुंचन पावून उत्तर दिले, तर चवडा खाली वळेल, बोटे जमिनीस अडतील आणि धावणारा तोंडघशी पडेल. म्हणजेच ज्या प्रतिक्षेपावाचून एका क्षणी चालत नाही, तोच दुसऱ्या क्षणी घातक ठरतो, आणि या दोन क्षणांत सेकंदाच्या तिसऱ्या भागाचेही अंतर नसते.

या प्रश्नाचा उलगडा करण्यास एक जुनी पद्धत उपयोगी पडली. जर्मन शरीरशास्त्रज्ञ पॉल हॉफमन यांनी १९१० साली दाखविले होते की, गुडघ्यामागील खोलगट भागातून जाणाऱ्या चेतेस विजेचा सौम्य धक्का दिला असता, स्नायू न ताणताही पोटरीत तसाच प्रतिक्षेप उमटतो. धक्का बाहेरून मोजून देता येत असल्याने, तेवढ्याच संदेशास मज्जारज्जू निरनिराळ्या वेळी किती उत्तर देतो, हे पाहणे शक्य झाले. कॅनडातील कापाडे व स्टाइन यांनी १९८६ साली ही पद्धत उभे राहणे व चालणे यांस लावली. स्नायू सारखाच आवळलेला असूनही चालताना हा प्रतिक्षेप उभे असतानापेक्षा पुष्कळ लहान असल्याचे त्यांस आढळले, आणि पाय हवेत पुढे येत असताना तर तो जवळजवळ नाहीसा होत असे. पुढील वर्षी त्यांनी धावण्याचा अभ्यास केला, तेव्हा स्नायू अधिक जोराने काम करीत असूनही प्रतिक्षेप चालण्यापेक्षाही खाली गेल्याचे दिसले.

हा निष्कर्ष सर्वमान्य झाला असे मात्र नाही. कोपनहेगन येथील सिमन्सन व ड्यूरे-पौल्सेन यांनी १९९९ साली ताशी ४.५ किलोमीटर वेगाने चालणारे आणि ताशी ८, १२ व १५ किलोमीटर वेगाने धावणारे लोक तपासले. धावताना त्वचेखाली स्नायू सरकतात, विजेच्या पट्ट्या जागेवरून हलतात आणि त्यामुळे मोजणीत चूक शिरते. ती चूक दर वेळी दुरुस्त करून पाहिली असता धावतानाचा कमाल प्रतिक्षेप चालण्याहून लहान न भरता उलट मोठा भरला. जुन्या पद्धतीने हिशोब केला, तर मात्र ही वाढ दिसेना. धावण्यात प्रतिक्षेपाची एकूण पातळी चढते की उतरते, या मुद्द्यावर अशा रीतीने मोजण्याच्या पद्धतीवरच बरेच अवलंबून राहते. विज्ञान शिकविणाऱ्यास हे उदाहरण मोलाचे वाटावे. कारण दोन्ही पक्ष प्रामाणिक, दोन्हींची उपकरणे उत्तम, आणि उत्तर मात्र वेगळे.

एका गोष्टीवर मात्र दुमत नाही. पाऊल जमिनीवर असताना हा प्रतिक्षेप वाढविला जातो आणि पाय हवेत असताना तो दाबला जातो, असे दोन्ही अभ्यासांत दिसून आले. शेतीतील उपमा द्यावयाची, तर कालव्यास पाणी सारखेच वाहत असते, पण दारे धरणारा माणूस एका वाफ्याचे तोंड फोडतो आणि भरताच ते मातीने बंद करून पुढच्याचे उघडतो. स्नायुचातींकडून येणारा संदेश म्हणजे पाटाचे पाणी होय. तो जेथे प्रेरक चेतापेशीस मिळतो, नेमक्या त्या तोंडाशीच दुसऱ्या चेतापेशी त्यास थोपवून धरू शकतात. शिवाय नडगीलगतचा स्नायू चवडा वर ओढू लागला, की पोटरीच्या चेतापेशींस त्याच वेळी गप्प बसविले जाते. ही दारे उघडण्या-मिटण्याचे काम मज्जारज्जूतील चेतापेशींचे जाळे धावण्याच्या लयीबरोबर करीत असते. वरून मेंदूची देखरेख असते, पण प्रत्येक पावलागणिक तो हुकूम सोडीत बसत नाही.

तळव्याची त्वचा

स्नायूंप्रमाणेच पावलाची त्वचाही मज्जारज्जूस संदेश पाठवीत असते. हॉलंडमधील डायझेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पावलाच्या त्वचेकडे जाणाऱ्या चेतेस हलका धक्का देऊन १९९३ साली असे दाखविले की, त्वचेपासून उगम पावणारे प्रतिक्षेप उभे असतानापेक्षा धावताना मोठे असतात. त्यांचे उत्तरही पायाच्या स्थितीप्रमाणे बदलते. पाय हवेतून पुढे येऊ लागला असता धक्का बसला, तर नडगीचा स्नायू आवळून पाऊल उचलले जाते. तोच धक्का पाय टेकण्याच्या बेतात असताना बसला, तर तो स्नायू उलट सैल सोडला जातो. ठेच लागलेला माणूस पुष्कळदा पडता पडता सावरतो, त्यामागे हा कारभार असतो.

काळ्या पाषाणाच्या या मुलखात धावण्याच्या वाटा खडकाळ आहेत. अनेक मुले शाळेच्या वयात अनवाणी धावलेली असतात व पुढे एकदम जाड तळव्याचे बूट घालतात. बूट वाईट असे म्हणण्याचे कारण नाही. पण नव्या बुटांनी तळव्यास लागणारी जमीन आणि घोट्याचा कोन दोन्ही बदलतात, आणि पूर्वतयारीचा जुना अंदाज नव्याने बसावा लागतो. चाचणीच्या आदल्या आठवड्यात नवे बूट घेऊन ते चाचणीच्याच दिवशी प्रथम पायात घालण्याची जी प्रथा दिसते, ती या दृष्टीने घातक आहे. नवे बूट घ्यावयाचेच तर ते निदान महिनाभर आधी घेऊन, सुरुवातीस थोड्या अंतरासाठी वापरावेत.

घाटाचा उतार आणि पाण्याचा अडथळा

दम वाढविण्यासाठी चढण धावावी, असा सल्ला मुलांना सर्रास दिला जातो आणि तो योग्यच आहे. पण चढलेल्यास उतरावेही लागते, याकडे दुर्लक्ष होते. उतारावर धावताना मांडीचा पुढचा स्नायू आवळलेल्या स्थितीतच लांबविला जातो; तो शरीरास पुढे ढकलीत नसून त्यास आवरून धरीत असतो. अशा कामात दम कमी लागतो, म्हणून ते सोपे वाटते, परंतु स्नायूंच्या तंतूंची सूक्ष्म मोडतोड त्यातच सर्वाधिक होते. वेदना त्याच दिवशी न जाणवता एक ते तीन दिवसांनी चढतात. एकदा असा बेताचा उतार धावून झाला, की पुढील काही आठवडे तोच स्नायू त्याच कामास बराच सरावलेला राहतो. म्हणून उताराची सवय थोडी थोडी लावावी, आणि चाचणीच्या तोंडावर ती प्रथमच लावू नये. घाटातील मुख्य रस्ता हा वाहनांचा असल्याने सरावास सर्वस्वी अयोग्य होय. गावाजवळील एखादी मातीची टेकडी पुरेशी असते.

जमिनीवर उतरण्याचे कौशल्य कोणत्या थरास जाऊ शकते, हे मराठवाड्याच्याच एका धावपटूच्या कामगिरीवरून कळते. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले व तेथे धावण्याकडे वळले. ३००० मीटर स्टीपलचेस या शर्यतीत त्यांनी २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य व २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे त्यांनी हे अंतर ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पार केले. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर यांनी याच शर्यतीत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळविला होता. या शर्यतीत अडथळे २८ वेळा व पाण्याचा अडथळा ७ वेळा ओलांडावा लागतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते. म्हणजे शर्यत धावण्याची, पण थकलेल्या पायांनी पस्तीस वेळा उंचावरून खाली उतरण्याचीही.

यात धोका किती असतो, तेही साबळे यांच्याच बाबतीत दिसून आले. जुलै २०२५ मध्ये मोनाको येथील शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी ते पडले आणि त्यांच्या गुडघ्यास गंभीर दुखापत झाली. गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याच्या घटनांच्या चित्रफिती तपासून हँडबॉल व बास्केटबॉल खेळांतील अभ्यासकांनी असे अनुमान काढले आहे की, बंध तुटतो तो पाय टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत. याच अवधीत प्रतिक्षेपाचा संदेश जेमतेम स्नायूपर्यंत परत आलेला असतो. बळ तर अजून यावयाचेच असते. अशा प्रसंगी पायास वाचविणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे पाय हवेत असतानाच झालेली तयारी. ती तयारी सरावाने सुधारते. बुटक्या ओट्यावरून उडी टाकून दोन्ही गुडघे सरळ पुढे ठेवून आवाज न करता उतरणे, एका पायावर जागच्या जागी उड्या मारणे, असे साधे व्यायाम शिक्षकांनी आठवड्यातून दोन वेळा, मुले ताजीतवानी असताना घ्यावेत. थकल्यावर घेतल्यास त्यांचा उपयोग उरत नाही.

थकलेला प्रतिक्षेप

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब अखेरीस येते. फिनलंडमधील युवास्क्युला येथे आवेला, कोमी आदी संशोधकांनी मॅरेथॉन धावलेल्या व्यक्तींची तपासणी करून १९९९ साली जे प्रसिद्ध केले, त्यावरून असे दिसते की, इतक्या दीर्घ धावेनंतर पोटरीचा ताणाचा प्रतिक्षेप लक्षणीय रीतीने मंदावतो, आणि ही मंदी त्याच दिवशी न ओसरता पुढील काही दिवस टिकून राहते. श्वास तासाभरात पूर्ववत होतो, भूक लागते, झोपही लागते. धावणाऱ्यास आपण ताजे झालो असे वाटते. पोटरीतील व्यवहार मात्र अजून जागेवर आलेला नसतो. प्रतिक्षेप मंदावला, की पाऊल टेकताना पाय पुरेसा कडक राहत नाही, गुडघा अधिक वाकतो, रेट्यास उशीर होतो आणि तेवढ्याच वेगासाठी अधिक श्रम खर्ची पडतात.

१६०० मीटर म्हणजे मॅरेथॉन नव्हे, हे खरे. परंतु जाहिरात निघाल्यावर अनेक मुले सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न वगळता, डांबरी रस्त्यावर पूर्ण वेगाने धावतात आणि तीन-चार आठवड्यांत नडगी दुखू लागते. वेळ सुधारण्याऐवजी घसरू लागली, की मूल आणखी जोर लावते. खेदाची गोष्ट ही की, असे मूल आळशी समजले जाते. वास्तविक त्याच्या पायांस विसाव्याची गरज असते, शिस्तीची नव्हे.

शिक्षकाजवळ स्नायूंतील वीज मोजण्याचे यंत्र नसते, आणि त्यावाचून अडतही नाही. कान पुरेसा आहे. ताज्या पायांनी धावणाऱ्या मुलाची पावले हलकी व एका लयीत पडतात. थकलेल्याची पावले जमिनीवर चपाट्यासारखी वाजू लागतात आणि उजव्या-डाव्या पावलांचे आवाज वेगळे येतात. सरावापूर्वी प्रत्येक मुलास एका पायावर दहा उड्या मारावयास सांगाव्यात. नेहमीचे मूल त्या सहज मारते. ज्याचा पाय खाली येताना लुळा पडतो, किंवा जे टाच टेकवून पुन्हा जोर गोळा करते, त्यास त्या दिवशी वेगाने धावू देऊ नये. चालणे अथवा अगदी सावकाश धावणे चालेल. जोराच्या दोन धावांमध्ये निदान एक दिवस हलका ठेवावा, आणि चाचणीपूर्वीच्या आठ-दहा दिवसांत अंतर निम्म्यावर आणून वेगाच्या फक्त थोड्या तुकड्या ठेवाव्यात. या दिवसांत अंतर कमी केल्याने दम जातो, ही मुलांची भीती निराधार आहे.

१०० मीटरसाठी आणखी एक पथ्य पाळावे लागते. भरधाव वेगात मांडीचा मागील स्नायू दुखावतो तो बहुधा पाय पुढे फेकला जाऊन टेकण्याच्या बेतात असताना, म्हणजे तो स्नायू लांबत असतानाच आवळला जातो तेव्हा. थंड पहाटे अंगावर घाम येण्यापूर्वी पूर्ण वेगाची धाव मारणे म्हणून टाळावे. दहा-पंधरा मिनिटे सावकाश धावून, मग वाढत्या वेगाच्या तीन-चार धावा घेऊन, नंतरच घड्याळ लावावे.

ग्रामपंचायतींच्या हाती यातील बरेच काही आहे. धावण्यासाठी सिमेंटचा मार्ग बांधण्याची हौस अलीकडे काही ठिकाणी दिसते. ती आवरलेली बरी. दगड वेचून काढलेली, मुरूम व मातीने सपाट केलेली, पाण्याचा निचरा होणारी दोनशे मीटर घेराची वाट शाळेच्या अथवा गायरानाच्या जागेत तयार करण्यास मोठा खर्च येत नाही. क्रीडांगण विकास अनुदान योजनेतून अशा कामांस साहाय्य मिळण्याची तरतूद असून, तालुका क्रीडा अधिकाऱ्यांकडे त्यासंबंधी विचारणा करता येते. वाट तयार झाल्यावर तिच्यावर एकाच दिशेने धावण्याचा प्रघात मात्र पडू देऊ नये. सदैव डावीकडे वळत गेल्यास आतल्या व बाहेरच्या पायावर भार सारखा पडत नाही; दिवसाआड दिशा बदलावी. पावसाळ्यानंतर वाटेवर पडलेल्या घळी व उघडे पडलेले दगड भरून घेण्याचे काम दसऱ्यापूर्वी उरकले, तर हिवाळ्यातील सरावास ती वाट पहिल्या दिवसापासून वापरता येते.